सुटणार साडेपाच, पोचणार पावणेसहा

तिकीट बघून सावनीने बोटांवर मोजलं, म्हणाली,
आई, बाबा तर पंधरा मिनिटांवर राहतो!
नाही गं, सव्वा तास लागतो.
शिकागोत घड्याळ एक तास मागे असतं.
मग तो तास मला कोण देतं?

दोनशे पस्तीस मैल, हवेतून.
विमान जेमतेम वर चढतं, प्रेट्झेलच्या पुड्या वाटून होतात,
खाली सरोवर येतं, की लगेच उतरायची घाई.
सावनीच्या गळ्यात प्लास्टिकचं पाकीट:
तिचं नाव, माझी सही,
आणि घेणाऱ्याच्या सहीसाठी कोरी रेघ.
दर दुसऱ्या शुक्रवारी डेट्रॉइटहून मी तिला
अशी रजिस्टर पोस्टाने पाठवते.

रविवारी उलटं. सहाला निघालेली मुलगी
सव्वाआठला उतरते, त्या तासाची वसुली होऊन.
जेवण व्हायचं असतं, गृहपाठ राहिलेला,
केसांना तिकडच्या शाम्पूचा वास.
बाबाकडे जाताना तास मिळतो, तुझ्याकडे येताना हरवतो,
एकदा भांडी पुसता पुसता म्हणाली.
आवाजात तक्रार नव्हती.
म्हणूनच लागलं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी शिकागोत धुकं उतरलं.
विमानं रद्द. सोमवारी तिची स्पेलिंगची परीक्षा.
फोनवर आम्ही बोललो
एक गोदाम दुसऱ्या गोदामाशी बोलतं तसं:
तू निघ, मी निघते, न्यू बफेलोचं गॅस स्टेशन.
जमिनीवरून अंतर वाढतं,
सरोवराला खालून वळसा घालावा लागतो.
तीन तास मी ट्रकांच्या मागच्या चिखलात वायपर चालवत होते.

तो आधीच पोचला होता.
सावनी मागच्या सीटवर झोपलेली, तोंड उघडं.
मी म्हटलं, साडेदहा झाले.
तो म्हणाला, साडेनऊ.
दोघंही खरं बोलत होतो.
बारा वर्षांत हे पहिल्यांदाच झालं असावं.

वेळ बदलते ती रेघ नेमकी कुठे, मी काउंटरवरच्या बाईला विचारलं.
कॉफीचं झाकण दाबत तिने हनुवटीने दाखवलं,
त्या पाण्याच्या टाकीपलीकडे कुठेतरी.
माझा नवरा तिकडे कामाला आहे, म्हणाली,
आमच्याकडे जेवण कायम गार.

त्याने सावनीला उचलून माझ्या गाडीत ठेवलं, पट्टा लावला.
दप्तर काढायला मी त्याच्या गाडीत वाकले
तर डॅशबोर्डवर दहा छत्तीस.
डेट्रॉइटची वेळ.
दोन वर्षं झाली त्याला तिथून जाऊन.

मनात काही आणायचं नाही, मी स्वतःला बजावलं.
घड्याळ लावणं या माणसाला कधी जमलंय?
आमच्या मायक्रोवेव्हवर सात वर्षं
बाराच लुकलुकत होते.

कॅलमझूच्या अलीकडे लक्षात आलं.
नोव्हेंबरात सगळी घड्याळं तासभर मागे करावी लागतात.
नुसतंच विसरलं असतं,
तर अकरा छत्तीस दिसले असते.
ती जुनी गाडी मला माहीत आहे,
तिचं ते बारकं बटण नखाने दाबून धरावं लागतं,
बराच वेळ.

मागून सावनीने झोपेत विचारलं, किती वाजले?
झोप, म्हटलं,
अजून एकशे चाळीस मैल आहेत.