ताणावरची बाग

झिरो माइलपाशी सहा चाळीसला गाडी लागली.
जानेवारीची थंडी, सगळ्यांचे कान मफलरात,
आणि दारात प्रणोती धुर्वे, हातात यादी:
"सतरा जणं होते जी, सोळाच दिसून राहिले."
सतरावा मी. तर्रीपोह्याच्या ठेल्यावर.

तिकीट लेकीनं काढलेलं.
एक दिवस, तीन बागा, जेवणासकट.
"घरी भिंतीशी बोलत बसता, त्यापेक्षा जा."

छत्तीस वर्षं मी विजेचे मीटर वाचले.
लोकांच्या बागा मीही पाहिल्यात,
पण आकडा लिहिता लिहिता,
एक डोळा कुत्र्यावर ठेवून.

मनसर सुटलं आणि जमीन उठायला लागली.
नागपूरच्या माणसाला चढाचं भारी अप्रूप,
ड्रायव्हरनं गिअर बदलला
की आम्ही त्याला डोंगर म्हणतो.

पहिली बाग एका निवृत्त रेंजरची.
गुलाबांना नंबर, नंबरांना वही,
तो फुलांपेक्षा वहीच जास्त दाखवत होता.
मला तो माणूस कळला.

दुसरी संत्र्याची, टेकडीच्या उतारावर.
पानं मलूल, कडेला वळलेली, माती भेगाळलेली.
कोणीतरी म्हणालं, मेली वाटते.
"मेली नाही, ताणावर सोडली," प्रणोती म्हणाली,
"महिनाभर पाणी तोडायचं. झाड घाबरते,
मग पाणी सोडलं की फुलते."
केकरेबाई काठीवर रेलून उभ्या होत्या.
"असं असतं तर बाई,
मी आतापर्यंत लदबदून जायला पाहिजे होते."
सगळे हसले.
प्रणोती हसली नाही. तिनं बाईंना बाटली दिली.

जेवणात ढेमसाची भाजी, भाकर, वर सांबार भुरभुरलेला,
पुण्याच्या पाहुण्याला सांगावं लागलं
की सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर.

तिसऱ्या बागेला फाटकही नव्हतं.
देवलापारच्या अलीकडे, साजाच्या झाडांमागे,
फुटक्या माठात पुदिना, टायरात भेद्रं,
आणि कोपऱ्यात ती जास्वंद,
फिकट केशरी, पोटात गर्द लाल.

धरमपेठेत एका कंपाउंडात हाच रंग होता.
मीटरच्या पेटीवर वाकलेला,
डाव्या हातानं बाजूला सारावा,
तेव्हा कुठं आकडा दिसायचा.
एकदा गेलो तर पेटी नाही, कंपाउंड नाही,
सहा मजल्यांचा सांगाडा आणि तात्पुरतं कनेक्शन.
मी तेही वाचलं.

नियम सकाळीच सांगितला होता:
तोडायचं नाही, उपटायचं नाही,
नाकानं जेवढं नेता येईल तेवढंच न्यायचं.
मी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं.
बोटभर फांदी. ओला रुमाल. आतला खिसा.

परतीत अंधार पडला, अर्धी गाडी घोरत होती.
प्रणोती मागं येऊन शेजारी बसली.
"काका, खिसा गळून राहिला."
सदऱ्यावर हे एवढं ओलं वर्तुळ.
मी काहीतरी बोलणार होतो.
"ते अंगण माझ्या मायचंच हाये," ती म्हणाली,
"खालचा डोळा मातीत जाऊ द्या, वरचे दोन बाहेर.
अन् पंधरा दिवस उकरून पाहू नका."

आज अकरावा दिवस.
सकाळी सात वाजता कुंडीपाशी उभा राहतो,
जुन्या डायरीत नोंद करतो:
बदल नाही.

आठव्या दिवशी मी उकरून पाहिलं.
तिला सांगू नका.