डोकं आणि शेपूट

लिएपाया बंदरात तीन यंत्रं
जहाजांची नावं टिपून घेतात.
एक जिन्याखाली, माझ्याहून वयानं मोठं.
एक नवं, अजून प्लास्टिकचा वास येणारं.
आणि एक दीपस्तंभाच्या खांबावर, डबाच म्हणा,
मेमरी तुटपुंजी, शेल त्याहून.

नाव कधी नुसतं येत नाही.
पुढे तारीख आणि अधोरेघ,
मागे डॉट लॉग.
मधलं तेवढं हवं.

मी नव्यावर लिहिलं, एका ओळीत, दुहेरी चौकटी कंसात.
इतकी देखणी ओळ
की कॉफी निवेपर्यंत बघत बसलो.
खांबावरचा डबा म्हणाला, असला कंस इथे नाही.
जिन्याखालचं तेही म्हणालं नाही.

मग सेडला बोलावलं.
सेड सगळीकडे असतो, कुणाशीही जमवून घेतो.
पण एका नावाला एक सेड,
एकतीस हजार नावं.
एकतीस हजारदा एक प्रोसेस जन्माला घालायची,
एक टोक कापून घ्यायचं, की ती मेली.
पहाटे चारला डब्यावरचा बर्फ वितळून
केबलवरून ठिबकत होता.

"आई मासे डबाबंद करायची," झिंत्रा म्हणाली.
"स्प्रॅट. डोकं उडव, शेपूट उडव, लाव डब्यात.
दर माशाला सुरीवाला नाही बोलवायची ती.
सुरी एप्रनच्या खिशात."

तिनं माझा कीबोर्ड ओढला.
डॉलरच्या डावीकडे जाळी: डोक्याकडून कापते.
उजवीकडे टक्का: शेपटीकडून.
"एक टक्का बेतानं, दोन टक्के हावरट.
आणि अख्खी फाईल एकदम सोलायची असेल
तर बोलव तुझ्या सेडला. एकदाच."

"वाचायला अवघड आहे हे," मी म्हणालो.
"आहे," म्हणाली,
आणि वर एक ओळ शेरा लिहून
दिवा घालवून घरी गेली.

एका ओळीच्या पाच झाल्या.
कुरूप. तिन्हीकडे चालतात.
डबा थंड.

गुरुवारी कप्तान इल्गोनिस दोन बिलं घेऊन आला.
त्याची 'बाल्टा काइया' धक्क्याला एकदाच लागली होती,
आमच्या वहीत मात्र दोन जहाजं:
एक बाल्टा, एक काइया.
"यातलं माझं कुठलं?" त्यानं विचारलं,
"पुढचं की मागचं?"

अवतरणचिन्हं विसरलो होतो मी.
ती टाकायला दोन सेकंद लागले.
पैसे परत करायला
तीन आठवडे, चार सह्या.