आऊटरला

पावती धनत्रयोदशीची. एकवीस हजार,
परत मिळणारे की न मिळणारे, ते खाली बारीक अक्षरात आहे
आणि माझा चष्मा तेव्हा पुष्पलताच्या पर्समध्ये होता.
वेटिंग नंबर एकशे सदतीस.
"सहा महिने धरून चाला, काका," शोरूममधला तेजस वारके म्हणाला,
"हायब्रीडला मागणी फार, वरून गाड्याच येत नाहीत."
म्हटलं, धरून चालतो.
गाडी नसलेला माणूस दुसरं काय करणार.

हायब्रीड हा शब्द आमच्या घरात शिवीसारखा होता.
आई हायब्रीड ज्वारीची भाकरी थापताना तोंड वाकडं करायची,
आणि उगाच उंच वाढलेल्या, कामाला न वळणाऱ्या पोराला
आळीतल्या बाया म्हणायच्या, हायब्रीड आहे मेलं.
ते पोरगं मी.
आता त्याच शब्दाला अठरा लाख
आणि रांग.

तेजसला सांगितलं, मी भुसावळचा, रेल्वेत चौतीस वर्षं इंजिन चालवलं.
डिझेलच्या त्या धुडातही डिझेल नुसतं वीज करतं रे,
चाकं फिरवतात मोटारीच.
"म्हणजे काका, तुम्ही आधीपासूनच हायब्रीड!"
हसला, आणि माझ्या फॉर्मला पिन मारली.

मार्च गेला. एप्रिलात शेजारचे पाळणे, सायकली, कुत्री
सगळी सावलीला सरकली.
दूधवाला रोज कॅन टेकवून विचारायचा,
"उनी का गाडी, भाऊ?"
नही उनी.
मेमध्ये त्यानं विचारणं सोडलं,
तेव्हा जास्त लागलं.

आऊटर सिग्नलला उभं राहणं मला शिकवायला नको.
समोर गाव दिसतं, फलाटावरची भजी वासावरून कळतात,
मागे दीड हजार माणसं खिडक्यांतून माना काढून
मलाच शिव्या घालतात,
आणि हातात काही नसतं, नुसता हात असतो.
फक्त तेव्हा सिग्नल कुणाला विकत घेता येत नव्हता.
सावद्याचे चौधरी, केळीवाले, भेटले लग्नात.
त्यांचा नंबर बावीस. म्हणाले, वर दीड लाख द्या, घ्या माझी जागा.
गाडी नव्हे,
रांगेतली जागा.
मी मठ्ठा प्यालो आणि दुसऱ्या पंगतीत जाऊन बसलो.

जुलैत फोन. "काका, एक सुटलीय. कॅन्सल झाली.
मधल्या सगळ्यांना पांढरी हवी, ही कथ्थी आहे.
तासाभरात सांगा."
पुष्पलता म्हणाली, कथ्थी म्हणजे मळ दिसणार नाही. घ्या.
मी विचारलं, कॅन्सल कुणी केली?
"फैजपूरचे झोपे सर. नंबर चौऱ्याण्णव.
लायसनच्या कागदावर डोळ्यांच्या डॉक्टरनं सही नाही दिली."

माझे डोळे नोकरीभर ए-वन होते.
दर तपासणीला तो तक्ता वरून खाली
घडाघडा.
झोपे सरांचा फोन नंबर मागितला.
"देता येत नाही, काका."
बरोबर आहे. आणि दिला असता तर
मी काय बोलणार होतो?

तर आता गाडी आहे. हार घातलेला,
लिंबू चाकाखाली, सीटचं प्लास्टिक ती काढू देत नाही.
बटण दाबलं तर काहीच ऐकू आलं नाही.
"बंद पडली?" पुष्पलता.
नाही, चालू आहे.
"कशावरून?"
मला सांगता येईना.
इतकी वर्षं इंजिनाचं पोट कानानं तपासलेला माणूस मी.

जळगावला इच्छादेवी चौकात गर्दी, रिक्षा, पुढे बस.
जुनी सवय, सिग्नल मोठ्यानं पुकारायची.
सहायकानं तोच पुन्हा म्हणायचा,
मग हलायचं.
मी म्हणालो, "स्टार्टर, हिरवा."
ती पुढे वाकली. काचेतून बघितलं.
"लाल आहे अजून."

मी ब्रेकवर पाय दाबला.
तो आधीपासूनच ब्रेकवर होता.