अठ्ठेचाळीस नंबर

अवधान एमआयडीसीत, शेडचा नंबर सोडला तर
आमच्याकडे कशालाच नंबर नव्हता.
चार भोकांची पट्टी, सहा भोकांची पट्टी,
मांडीच्या हाडाची, मनगटाची,
स्क्रू साडेतीनचा, साडेचारचा.
डब्यावर स्केचपेनने लिहायचं
आणि डबा सुरतेच्या गाडीत टाकायचा.

फॉर्म म्हणतो, एका मापाला एक.
भोक वाढलं, वस्तू वेगळी.
लांबी वाढली, वस्तू वेगळी.
बोरसे मॅडमना वाटलं होतं
सगळ्या कारखान्याला मिळून एकच लागेल, जीएसटीसारखा.
मी मापं मोजली. अठ्ठेचाळीस.
"अगं, इतक्यांची बारशी घालायची का आता?"
आणि ओटीपी शोधत बसल्या,
जो पुण्यातल्या मुलाच्या फोनवर गेला होता
आणि मुलगा मीटिंगमध्ये.

उखर्डूकाका लेथ बंद करून आले,
हाताचं तेल बंडीला पुसत.
मी दाखवलं: आठशे नव्वदने सुरू होतो,
मग आपल्या कंपनीचे आकडे, मग वस्तूचे,
आणि शेवटचा आकडा आपण ठरवायचा नसतो,
तो आधीच्यांतूनच निघतो.
उजवीकडून एकाआड एक तिनाने गुणायचं,
सगळ्यांची बेरीज करायची,
पुढचा दहा भरायला जेवढे कमी पडतात, तेवढा.
मधला एखादा चुकला तर हा शेवटचा चुगली करतो.

काकांनी डोळे मिटले. ओठ हलले.
शाळा चौथीपर्यंत, पण पावकी-दिडकी पाठ.
"सात," म्हणाले.
कॉम्प्युटरनेही सातच दिला,
जरा उशिराने. दुपारी आमच्याकडे नेट जातं.

"पन हाऊ नंबर कसाले?"

मी म्हटलं, काका, पट्टी माणसाच्या आत जाते.
वर्षाने मोडली समजा, नंदुरबारला,
तर डॉक्टरला कळायला हवं ती कुठली,
कोणत्या लॉटची,
तिच्या बहिणी आणखी कुणाकुणाच्या आत आहेत.
शोधायला गेलं तर सापडली पाहिजे.

काका स्टुलावर बसले.
त्यांच्या आधीची तीन गेली होती.
म्हणून चौथ्याला सुपात घालून
गावाबाहेर उकिरड्यावर ठेवला,
शेजारणीने उचलला, सव्वा रुपयाला
आईलाच परत विकला.
"मन्हं नाव कोनले सापडू नही
म्हनीसन ठेयेल शे."
हसले. समोरचे दोन दात नाहीत,
तिथून हसू जरा लवकर बाहेर येतं.

मग पायजमा गुडघ्यापर्यंत वर घेतला.
नडगीवर लांब पांढरा वण,
दोन्ही बाजूंना टाक्यांचे ठिपके.
लळिंगच्या घाटात ट्रकची धडक, पंचवीसेक वर्षं झाली.
आत एक पट्टी आहे. कुठली, माहीत नाही.
सरकारी दवाखान्याचा कागद उंदरांनी खाल्ला.
"आपलीच असेल," मी म्हटलं.
त्यांनी वणावर अंगठा फिरवला,
घासून झालेल्या पट्टीची कड
रोज बघतात तसा.
"असीन," म्हणाले. "नहीबी असीन."

अठ्ठेचाळीस नंबर गुरुवारी आले.
लेझरखाली पहिली पट्टी धरली,
तिळाएवढा चौकोन उमटला, शेजारी लॉट, तारीख.
मॅडमनी भिंगातून बघितलं, मग पेढे मागवले, पाव किलो,
आम्ही सात जण.

संध्याकाळी शटर ओढायच्या आधी
काकांनी टेबलावरचा स्कॅनर उचलला
आणि कोणी बघत नाही असं समजून
स्वतःच्या नडगीवर धरला.
लाल रेघ पायजम्यावर थरथरत राहिली.

मी मेन स्विचपाशी उभी होते.
दिवे घालवायला जरा उशीर केला.