बिनवावराचा

टीव्हीवर दिल्लीची चर्चा: सगळ्या डेटाला एकच वाट असावी का.
चौघे एकदम बोलतात, पाचव्याचा आवाज बंद.
मी सामोड्यातला केबलवाला, एकशे बारा जोडण्या,
जेवता जेवता ऐकतो.

दुपारी कंपनीचा माणूस येऊन गेला.
म्हणाला, आमची चार अ‍ॅप सुसाट आणि फुकट,
बाकीचं येईलच की, जरा दमानं.
बाकीचं म्हणजे काय, ते मी मोजलं:
कांद्याचा भाव, पुतणीचा नर्सिंगचा फॉर्म,
आणि जिजाबाईंनी चढवलेली कानबाईची सत्तावीस गाणी,
जी महिन्याला नऊ जण ऐकतात.

सुपडू आप्पा पायरीवर होते, विडी विझलेली.
चाळीस वर्षं पांझरेचं पाणी फडात सोडलं त्यांनी.
त्यांना काय कळणार, म्हणून मीच समजावत बसलो.
ते म्हणाले, "पानीले काय कयस, वावर कोनं शे?
पाटकरीले कयस.
म्हनीसन पाटकरी बिनवावरना ठेवतस."
आणि चपला झटकून गेले.

रात्री साडेअकराला राउटरचं पान उघडलं.
'प्राधान्य' लिहिलेल्या चौकटीत एकच नाव,
माझ्याच लोकल चॅनेलचं.
दोन वर्षांपूर्वी टाकलेलं, हळदीच्या व्हिडिओंसाठी.
कुणी तक्रार केली नाही.
कुणाला कळलंच नाही.

टीव्हीवर तीच चर्चा पुन्हा,
पाचव्याचा आवाज आला एकदाचा
तेवढ्यात जाहिरात.

मागच्या सारंगातून पाणी चाललंय, ऐकू येतं.
वावर मलाही आहे, एवढंसं.
बोट अजून माउसवर.