धुराचा कागद

पुढच्या दोन्ही सीटवर आता पोरं बसतात.
मी मागे, डब्यांच्या पिशवीशेजारी,
जिथे कधीकाळी यांना पट्ट्याने बांधून बसवायची
आणि प्रत्येक वळणावर ऐकायची, "आलं का, आई, आलं का?"
मी मात्र विचारत नाही.
एलरॉय गाडी चालवतो अगदी बापासारखी, एक कोपर खिडकीबाहेर.
ब्रॉन्विन फोनमधल्या बाईचं ऐकते,
मग तिच्याशीच वाद घालते.

जॉर्जच्या बागेत धुकं इतकं
की तळ्यापाशी गेलो आणि तळं नुसतं ऐकून परतलो.
वूस्टरला आलो ते फेखीची फुलं बघायला.
पत्रकात आख्खा उतार जांभळा, केशरी.
वर आभाळ भरलेलं,
खाली प्रत्येक फुलाने मूठ आवळलेली.
माळी म्हणाला, "ऊन बघितल्याशिवाय तोंड उघडत नाहीत ती, मावशी."
मला त्यांचं पटलं.
तीन दिवस मीही उघडलं नव्हतं.
ही सहल कशासाठी निघालीय ते न कळायला
मी काय काल जन्मले?
पोर्ट एलिझाबेथचं घर. जिने. माझे गुडघे.
केपटाऊनमधली ब्रॉन्विनची मागची खोली,
जिला रंगही देऊन झालाय, असं एलरॉय चुकून बोलून गेला.

बेटीज बेला धबधब्याकडे जाताना
बबूनने डबा पळवला.
भिंतीवर बसून, झाकण नीट बाजूला ठेवून,
माझी अंडी-पावाची सँडविचेस खाल्ली, कडा टाकून.
"लहानपणीचा एलरॉय," ब्रॉन्विन म्हणाली,
आणि आम्ही तिघं इतके हसलो
की चौथ्याची जागा रिकामी आहे हे तेव्हाच नेमकं दिसलं.

मी प्रत्येक झाडाची पाटी वाचते.
पोरं कंटाळतात. "आई, फूल बघ ना, नाव काय वाचतेस!"
त्यांना काय सांगू.
मी वाढले तेव्हा समुद्रावरच्या बाकालाही पाटी असायची.
आधी वाचायचं, मगच टेकायचं.
डोळ्यांची खोड आहे ती, जात नाही.

कर्स्टनबॉशला ते जुनं कुंपण आहे, रानबदामाचं,
साडेतीनशे वर्षांपूर्वी लावलेलं,
इकडचे इकडे आणि तिकडचे तिकडे राहावेत म्हणून.
आता नुसता गुंता. फांद्या जमिनीवर लोळतात,
पुन्हा उठतात, कुणाच्या बाजूची कुठली, कळत नाही.
एलरॉयने फांदीवर बसून फोटो काढून घेतला.
त्याचे बूट दोन्ही बाजूंना लोंबत होते.
त्या कुंपणाचे बदाम विषारी म्हणे,
पण इथल्या जुन्या माणसांना ठाऊक होतं,
बरेच दिवस पाण्यात ठेवले की कडूपणा सोडतात.

दुकानात मी बियांची पाकिटं घेतली, प्रोटिया आणि एरिका.
गल्ल्यावरच्या मुलीने सोबत दिला एक तपकिरी कागद.
"नुसत्या पाण्याने उगवत नाहीत या," ती म्हणाली,
"डोंगर जळून गेल्यावरच जागं व्हायची सवय.
म्हणून हा धूर. रात्रभर यात भिजवा."
मी कागद नाकाशी नेला.
ॲबनरचा पाइप.
पडद्यांना, रविवारच्या कोटाला,
दोनदा रंगवूनही बैठकीच्या छताला असलेला तो वास,
ज्यावरून मी त्याच्याशी चाळीस वर्षं भांडले.
चारशे रँड, ती मुलगी म्हणाली. दुसऱ्यांदा म्हणाली.
ब्रॉन्विनने कार्ड पुढे केलं.

गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही.
कागद मांडीवर, काचा बंद,
आणि पुढे बसलेल्या दोघांच्या नाकपुड्या, मी आरशात पाहिलं,
हळूच रुंदावल्या.
मग एलरॉय, रस्त्यावरची नजर न काढता,
"पेरणार कुठे पण?"

ब्रॉन्विनने फोनमधल्या बाईला गप्प केलं.

मी म्हटलं,
"आधी भिजू तर दे."