जुनी प्रत

क्लाक्सविकमध्ये रन्वानं फोटोखालची ओळ बदलली.
'अनोळखी खलाशी' पुसून
'हानुस, आमचा मामा, १९७१'.
साठवलं. हिरवी खूण आली.

आर्हुसहून भावाचा फोन:
इथे अजून अनोळखीच आहे गं.
पान ताजं कर. केलं.
दुसऱ्या ब्राउझरात बघ. तेच.
कुठल्यातरी सर्व्हरनं जुनी प्रत
जपून ठेवलीय, ती शिळी झाल्याचं
त्याला कुणी कळवलेलं नाही.

आई लोकर गुंडाळत होती.
लागतो वेळ, म्हणाली.
बोट बुडाल्याची तार मीच घेतली,
वाचली, घडी घातली,
आणि शनिवारपर्यंत
त्याचे मोजे शेगडीपाशी
उलटसुलट करत राहिले.

रात्री अकराला भावाचा निरोप:
आला.
अल्बमच्या मुखपृष्ठावर मात्र अजून नाही.